बेचाळीस पट्ट्या

४ मार्च

प्रिय खडू,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. फोन मी करणार नाही, हे तुला ठाऊक आहे. फोनवर मला निम्मं ऐकू येतं, उरलेलं निम्मं मी मनाने भरते आणि मग तू ओरडतेस, "आत्या, मी असं म्हटलंच नव्हतं!" त्यापेक्षा कागद बरा. कागदावरचं दोनदा वाचता येतं.

गेला महिना माझा संतापात गेला. शाळेने जीवशास्त्राचं नवं पुस्तक माझ्याकडे तपासायला पाठवलंय. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी स्वल्पविरामासाठी भांडणारी दुसरी बाई त्यांना मिळालेली दिसत नाही. पेशीपटलाच्या धड्यात चित्र काय, तर विटांची भिंत! भिंतीला दार आणि दारात काठी घेतलेला पहारेकरी. चौतीस वर्षं मी घसा फोडून सांगितलं की पटल म्हणजे भिंत नव्हे. स्निग्ध पदार्थाचा दोन पदरी तवंग आहे तो. त्यात प्रथिनांचे मोठाले रेणू तरंगत असतात, सरकत असतात, बाजारातल्या बायकांसारखे एकमेकांना खेटत असतात. मीठ या वाटेने, साखर त्या वाटेने, पाणी तिसऱ्या वाटेने, हा सगळा कारभार त्यांचा. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. पटल फाटलं की पेशीच संपली. मी समासात लाल शाईने लिहिलं, "चित्रकाराने आधी साबणाचा फुगा नीट पाहावा आणि मग पेन्सिल उचलावी." आमच्या वेळच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी तर पेन्सिलच काढून घेतली असती. माझी घेतली होती, अमीबाला डोळे काढले म्हणून.

पण पत्राचं कारण ते नाही. परवा रद्दी बांधत होते. तेरा फेब्रुवारीच्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी दिसल्या. एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात पाच रुग्णांना एकाच वेळी त्रास, एकाचा मृत्यू, पाण्यात दोष असल्याचा संशय, विभाग बंद. रुग्णालय तुझं.

तू त्या विभागात तंत्रज्ञ आहेस. पाण्याचं यंत्र तू सांभाळतेस. तुझं शेवटचं पत्र आठ तारखेचं आहे आणि त्यात फक्त खोलीच्या गळक्या नळाबद्दल लिहिलंयस.

मी काय समजू?

आत्या


११ मार्च

प्रिय आत्या,

लिहायला बसले की कागद बाजूला ठेवत होते, म्हणून उशीर झाला. तू विचारत राहशीलच, तेव्हा सगळं एकदाच लिहिते.

आमच्याकडे पाच खाटा आहेत. दिवसाला तीन पाळ्या, रविवारी सुट्टी. चार तासांच्या एका पाळीत एका माणसाच्या रक्ताशेजारून सव्वाशे लिटर पाणी वाहतं. मध्ये फक्त पटल. केसाएवढ्या हजारो पोकळ नळ्या, त्यांच्या आतून रक्त, बाहेरून पाणी. युरिया, जादाची क्षारं पलीकडे जातात. प्रथिनं आणि रक्तपेशी मोठ्या, म्हणून त्या आत राहतात. पण पाण्यातून इकडे यायलाही तीच वाट असते. क्लोरीन आणि त्याचे भाऊबंद लहान. ते सरळ रक्तात शिरतात. म्हणून नळाचं पाणी आधी कोळशाच्या टाकीतून जातं, कोळसा क्लोरीन खाऊन टाकतो. त्याने खाल्लं की नाही, हे दर पाळीआधी चाचणीपट्टी पाण्यात बुडवून बघायचं आणि वहीत सही करायची. पट्टी गुलाबी झाली तर पाळी सुरू करायची नाही. पन्नास पट्ट्यांची बाटली असते. चालू बाटली दोन फेब्रुवारीच्या सकाळी उघडली होती.

दहा तारखेला मंगळवार होता. सकाळी सहाच्या सुमाराला कुठेतरी मोठी जलवाहिनी फुटली. अकराला ती दुरुस्त केल्यावर पालिकेने पाण्यात भरमसाठ क्लोरीन ओतला. आमचा कोळसा जुना झालेला. नवा मागवल्याचे अर्ज नोव्हेंबरपासून तीनदा गेलेत, एकाचंही उत्तर आलेलं नाही. बाराला दुपारची पाळी लागली. दीडला टेलरकाका म्हणाले, पाठ भरून आलीय.

टेलरकाकांबद्दल मी तुला लिहिलं होतं का? निवृत्त शिंपी. चार वर्षं मंगळवार, गुरुवार, शनिवार. आले की पहिला प्रश्न, "आज किती लिटर उपसणार? मी माणूस आहे की विहीर?" आमच्या सगळ्यांच्या एप्रनचे फाटके खिसे त्यांनी खाटेवर पडून, एका हाताने शिवून दिले होते. दुसऱ्या हाताला सुई असायची.

मग शेजारच्या बाईंना धाप लागली. मी नळीकडे पाहिलं. आत्या, तू आठवीला दाखवायचीस तो प्रयोग, मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकला की पाणी गढूळ राहतं आणि नुसत्या पाण्यात टाकला की पेशी फुटून ते आरपार लाल होतं. काकांच्या नळीतलं रक्त नेहमीसारखं दाट राहिलं नव्हतं. रंगीत काचेसारखं नितळ झालं होतं. कडेकडेने नळीमागच्या लेबलाची रेघ दिसत होती.

मी पाचही यंत्रं बंद केली. चौघांना रक्त चढवलं, ते वाचले. काका बारा तारखेला गेले.

चौकशी नेमलीय. वही आणि बाटली त्याच दिवशी सील करून नेली. मला घरी बसवलंय. दोन्ही पाळ्यांची चाचणी मी केली होती, वहीत सही आहे.

तू काही करू नकोस. कुणाला लिहू नकोस. हात जोडते.

खडू


१५ मार्च

प्रिय खडू,

"काही करू नकोस" हे मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. लहानपणी खडू खाताना पकडलं, तेव्हाही तू हेच म्हणाली होतीस, "बाबांना सांगू नकोस." मी सांगितलं म्हणून तुझे जंत निघाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झालाय. कोळसा जुना! तीन अर्जांना उत्तर नाही! आणि घरी कोण बसलंय, तर जिने नियमाने पट्टी बुडवली ती! हे सगळे साहेब वातानुकूलित खोलीत बसून सह्या करतात, त्यांना रक्तपेशी म्हणजे काय हे तरी माहीत आहे का? एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. एवढा बोजा ती तिच्या तलम पटलात सांभाळून केसाहून बारीक गल्ल्यांतून जन्मभर धावते. क्लोरीन तिला बाहेरून ढकलत नाही, तो तिच्या पटलातली प्रथिनंच बिघडवतो, आतलं हिमोग्लोबिन नासवतो. आणि हे कशाने, तर यांच्या टेबलावर कागद पडून राहिला म्हणून.

मी काल चौकशी अधिकाऱ्यांना पत्र टाकलं. पाच पानं. तीन मसुदे केले. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." शेवटच्या पानावर मी त्यांची पळवाटच बंद केलीय. ते उद्या म्हणणार, सही काय, कुणीही ठोकेल. म्हणून मी लिहिलं, पट्ट्या मोजा! दोन ते सात फेब्रुवारी, सहा दिवस, दिवसाला तीन, अठरा. नऊला तीन. दहाला दुपारपर्यंत दोन. एकूण तेवीस. बाटलीत सत्तावीस उरल्या पाहिजेत. सत्तावीस निघाल्या की माझ्या भाचीचं काम चोख होतं हे लहान मुलालाही कळेल, आणि मग मानेला हात कुणाच्या घालायचा ते ठरवा.

आता बघच तू.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

काल पट्ट्या मोजल्या.

मला बोलावून घेतलं होतं. अधिकाऱ्यांनी सील तोडून बाटली पांढऱ्या कागदावर उपडी केली. चिमट्याने दहा-दहाचे ढीग केले. चार ढीग झाले आणि दोन उरल्या. त्यांच्या फाइलीत सर्वांत वर तुझं पत्र होतं. माझ्या बाजूने उलटं होतं, तरी मी अक्षर ओळखलं.

बेचाळीस.

म्हणजे नऊ दिवसांत आठ वापरल्या. मधल्या रविवारची एक वजा. रोज सकाळची एक. दुपारची आणि संध्याकाळची कुणीच करत नाही. ज्याची ड्यूटी तो सकाळी आपल्या पुढच्या पाळीची ओळ भरून मोकळा होतो. मी कामाला लागले त्या पहिल्याच आठवड्यात हेडनी, म्हणजे आमच्या मुख्य तंत्रज्ञांनी, शिकवलं होतं. "सकाळी पाणी चांगलं तर दिवसभर चांगलं. या पट्ट्या संपल्या की दोन-दोन महिने मिळत नाहीत, तेव्हा काय जीभ लावून बघणार?" सगळ्यांना हसू आलं होतं. मलाही. सहा वर्षं तसंच चाललं आणि सहा वर्षांत काही झालं नाही.

दहा तारखेची बारा वाजताची ओळ माझी आहे. ती मी सकाळी साडेपाचला लिहिली. आकडाही लिहिला, वेळही लिहिली.

मी तुला खोटं लिहिलं. तुला लिहिताना मला वाटलं, निदान एका माणसाच्या मनात मी चाचणी केलेली असावी.

अधिकारी चांगले आहेत. मोजून झाल्यावर म्हणाले, "हे तुमच्या आत्यांनी सुचवलं नसतं तर आमच्या डोक्यात आलं नसतं." हे तुला कळवावं असं त्यांना वाटलं.

खडू


९ एप्रिल

प्रिय खडू,

तीन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. एक पट्टी! वहाण घालायला लागतो तेवढा वेळ! चौथ्या दिवशी चहा गाळताना लक्षात आलं की मी तुझ्यावर चिडलेय, कारण तसं नसतं तर मला स्वतःकडे बघावं लागलं असतं.

तू लिहू नकोस म्हणाली होतीस. हात जोडले होतेस. मी बेरीज करत बसले.

मला जो शब्द इथे लिहायचा आहे तो मला नीट येत नाही. चूक झाली की सिस्टर तो फळ्यावर शंभर शंभरदा लिहून घ्यायच्या, त्यात त्याचा जीव गेला. तू समजून घे.

आता कामाचं बोलू. एकटीने मान पुढे करू नकोस. हेडचं सांग. पट्ट्या न देणाऱ्या भांडाराचं सांग. तीन अर्जांच्या प्रती असतील तर दे. सकाळीच ओळी भरणारे तुम्ही चौघं आहात ना? चौघांच्या वह्या तपासा म्हणावं. मी यापुढे तुला विचारल्याशिवाय कुणालाही एक ओळ लिहिणार नाही. पुस्तकाच्या प्रकाशकालासुद्धा नाही, आणि हे माझ्यासाठी सोपं नाही, कारण पुढच्या धड्यात त्यांनी स्टार्चला प्रथिन म्हटलंय.

सुनावणी कधी आहे?

आत्या


१९ एप्रिल

प्रिय आत्या,

अठ्ठावीसला.

हेड मला भेटायला आले होते. खुर्चीच्या टोकावर बसले, टोपी मांडीवर. म्हणाले, "मीच शिकवलं हे मी लिहून दिलंय. तू वेगळं सांगायची गरज नाही." चहा घेतला नाही. जिन्यात बराच वेळ थांबले होते, पायांचा आवाज आला नाही म्हणून मला कळलं. बाकीच्या दोघांनीही कबूल केलंय. अर्जांच्या प्रती सापडल्या.

त्यामुळे सगळे म्हणतात, मी वाचेन. सगळेच करत होते, कोळसा जुना होता, पट्ट्या मिळत नव्हत्या, पालिकेने कळवलं नाही. ताकीद मिळेल, बदली होईल, नोंदणी राहील. डॉक्टरांनी तर पाठीवर थाप मारली. "दोष पद्धतीचा आहे, माणसाचा नाही."

आत्या, एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. वहीत ती नाही आणि बाटलीतही नाही.

त्या दिवशी दुपारी टेलरकाका सगळ्यांत आधी आले. इतर चौघं अजून बाहेर वजन करत होते. मी काकांच्या हाताला पट्टा बांधत होते. ते म्हणाले, "पोरी, आज नळाच्या पाण्याला औषधाचा वास मारतोय. बाहेर चूळ भरली तर जीभ चरचरली." मी म्हटलं, "काका, दवाखान्यात औषधाचा नाही तर काय अत्तराचा वास येणार?" आणि सुई लावली.

पट्टीने सांगायचं ते त्यांनी मला तोंडाने सांगितलं होतं. पट्टी मी बुडवली नाही, हे सगळ्यांचं आहे. पण हे ऐकलं मी एकटीने. बाटली माझ्यापासून चार पावलांवर होती.

सांगू का?

खडू


२२ एप्रिल

खडू,

नाही.

हे पत्र मी स्वतः पोस्टात नेऊन टाकतेय, म्हणजे ते वेळेवर पोहोचेल. वाच आणि जाळ.

तुला वाटेल, ही तीच बाई का, जिने परीक्षेत नुसती मान वळवली म्हणून मुलींचे पेपर काढून घेतले? हो, तीच. मीच तुला सांगतेय, गप्प राहा. तुझी आई गेली आणि पाठोपाठ माझा भाऊ गेला, तेव्हा तू अकरावीत होतीस. तुला मी या कामाला घातलं. तुला भाषा आवडायची. मी म्हटलं, भाषा काय, कुणीही बोलतं, हाताला विद्या हवी. तेव्हा हे सांगायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते.

नीट विचार कर. पट्टीची चूक चौघांत वाटली गेलीय, म्हणून ती हलकी झालीय. वासाची चूक कुणात वाटली जाणार नाही. ती पूर्ण तुझ्या डोक्यावर येईल आणि तिच्याखाली हेडची, भांडाराची, पालिकेची, सगळ्यांची चूक झाकली जाईल. ते सगळे सुटकेचा श्वास टाकतील. उद्या वर्तमानपत्रात चार ओळी येतील, "रुग्णाने सांगूनही तंत्रज्ञ हसली." कोळशाचं नाव कुणी काढणार नाही. म्हणजे तू खरं बोलून खोट्यालाच मदत करशील. आहे की नाही?

आणि ज्याने सांगितलं तो गेला. जिने ऐकायचं होतं तिने ऐकलं नाही. आता तिसऱ्याने ऐकून काय होणार? पेशीसुद्धा सगळंच बाहेर टाकत नाही. जे बाहेर टाकून चालणार नाही ते ती आतल्या आत एका पिशवीत बांधून ठेवते आणि जगते. हे मी तुला धड्यासारखं सांगतेय, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत मला विनवण्या करता येत नाहीत.

सांगू नकोस.

आत्या


३० एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र सव्वीसला मिळालं. जाळलं. सांगितलं.

सुनावणी एका लांब खोलीत होती. टेबलाच्या एका बाजूला तिघे अधिकारी, आमच्या बाजूला आम्ही चौघं आणि डॉक्टर. भिंतीशी एका खुर्चीवर टेलरकाकांच्या पत्नी. मी त्यांना चार वर्षं बाहेरच्या बाकावर बघत आले होते, मांडीवर काकांची चपलांची पिशवी घेऊन. परवा मांडीवर त्यांची स्वतःची पर्स होती. दोन तास सगळे कोळशाबद्दल, अर्जांबद्दल, पट्ट्यांबद्दल बोलले. त्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. हेड बोलताना रडले. मग मला विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचंय?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

मी ठरवून गेले होते की नाही, हे मला आत्ताही सांगता येत नाही. तुझं प्रत्येक म्हणणं पटलं होतं. पण त्या बाई समोर होत्या आणि तिथल्या सगळ्या माणसांत त्यांच्या नवऱ्याचं शेवटचं कामाचं बोलणं माझ्याकडे होतं. मी सांगितलं.

मग भिंतीकडून आवाज आला. "म्हणजे त्यांना कळलं होतं."

अधिकारी म्हणाले, "बाई, तुम्ही नंतर..." त्या थांबल्या नाहीत. "त्यांचं नाक फार तिखट. कापडाला इस्त्री लागली तर रस्त्यावरून ओळखायचे. मला रोज वाटत होतं, हे काही न कळता गेले की काय." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

आत्या, मला तो विनोद सगळ्यांसमोर पुन्हा करावा लागला. अत्तराचा.

"ते हसले का?"

मी म्हटलं, "हो."

"हसले असतील," त्या म्हणाल्या. पर्स उचलली आणि निघून गेल्या. शिपाई सही घ्यायला त्यांच्यामागे धावला.

निकाल आज आला. माझी नोंदणी रद्द. हेडना सक्तीची निवृत्ती. बाकी दोघांना ताकीद. कोळशाबद्दल "योग्य ती उपाययोजना करावी." वर्तमानपत्रात पाच ओळी आल्यात, तुझा अंदाज एका ओळीने चुकला, मजकूर तोच आहे. पाण्याचं नवं यंत्र बसेपर्यंत विभाग बंद राहणार. आमचे अठ्ठावीस रुग्ण आता दोन तासांवरच्या रुग्णालयात जातात. तिथे त्यांना आठवड्यातून तीनऐवजी दोनच वेळा घेतात. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी जाणं सोडलंय असं कळलं. मुलाला रोज रजा मिळत नाही.

त्यामुळे मी बरोबर केलं असं मला वाटत नाही. चूक केलं असंही वाटत नाही. काहीच वाटत नाही, हे खरं आहे.

एक मागते. काही दिवस मला पत्र लिहू नकोस. रागाने म्हणत नाही. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं की मी पाकीट पालथं ठेवते. ते अक्षर मी त्या फाइलीत उलटं पाहिलंय.

खडू


९ जून

खडू,

चाळीस दिवस मी लिहिलं नाही. म्हणजे लिहिलं, टाकलं नाही. दर रविवारी एक. पहिल्यात तुला झापलं होतं. दुसऱ्यात तुझं कौतुक केलं होतं आणि ते इतकं बेगडी होतं की मीच लाल शाईने खोडलं. तिसऱ्यात निकालाविरुद्ध अपील कसं करायचं त्याची कलमं होती. ती सगळी काल फाडली. हे एवढंच टाकतेय, कारण यातलं तुला कळायला हवं, आणि पाकिटावर पत्ता मी मुद्दाम डॉक्टरीणबाईंकडून लिहून घेतलाय. तू फसून उघडलंस, त्याबद्दल रागाव.

मार्चमध्ये मी चौकशी अधिकाऱ्यांना पाच पानी पत्र लिहिलं ते तुझ्यासाठी लिहिलं, असं मी तुला सांगितलं, डॉक्टरीणबाईंना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. ते खरं नाही. मला ते लिहिताना मजा येत होती. नऊ वर्षांत एवढी मजा आली नव्हती. पन्नास वजा तेवीसचं गणित जमलं तेव्हा मी खोलीत एकटीच टाळी वाजवली. एक माणूस मेला होता, तू घरी बसली होतीस, तुझं पत्र समोर उघडं होतं, त्यातलं "हात जोडते" मला दिसत होतं, आणि मी विशेषणं निवडत होते. त्या आठवड्यात तू जेवतेस की नाही हे विचारायचंसुद्धा माझ्या मनात आलं नाही.

तू टेलरकाकांचं ऐकलं नाहीस तेव्हा तू घाईत होतीस, पाच खाटा होत्या, सुई हातात होती. मी तुझं ऐकलं नाही तेव्हा मला काहीच घाई नव्हती.

आणि एप्रिलमध्ये मी तुला गप्प राहा म्हणाले, तेव्हाही तुझा विचार अर्धाच होता. तू बोललीस तर माझ्या पत्राने सुरू झालेलं सगळं शेवटाला जाईल, हे मला सहन होणार नव्हतं. तू ते शेवटाला नेलंस. मला नेता आलं नसतं. हे कौतुक नाही, नोंद आहे.

तुझ्या खोलीचं भाडं, काम, पुढे काय, याबद्दल मला एक हजार मतं आहेत. त्यातलं एकही या पत्रात नाही. बाहेर पडता कामा नये म्हणून दोनदा वाचून पाहिलंय.

येत्या मंगळवारी मी दुपारच्या गाडीने येतेय. तीनला तुझ्या दारात असेन. एकदाच वाजवीन. तू उघडलंस तर मी आत येऊन बसेन आणि तू बोलेपर्यंत बोलणार नाही. माझा तो रेकॉर्ड तुला ठाऊक आहे, साडेतीन मिनिटं. तरी प्रयत्न करीन. नाही उघडलंस तर जिन्यात बसेन. तुझ्या शेजाऱ्यांनी कोण म्हणून विचारलं तर सांगेन, आत्या आहे, वाट बघतेय. परतीची गाडी साडेसहाची आहे. ती चुकवायची माझी तयारी आहे. मग रात्री त्याच जिन्यात पावसाचा गारवा लागेल म्हणून शाल घेतलीय.

आत्या